दुहेरी तावदान : अर्धे उत्तर, पूर्ण गुण

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला आम्ही गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत आठवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी आमच्यापुढे एक उत्तरपत्रिका ठेवली. प्रश्न नेहमीचाच होता : शास्त्रीय कारण लिहा – थंड प्रदेशांत खिडक्यांना दोन तावदाने बसवतात. एका मुलीने लिहिले होते, "दोन काचांमध्ये हवा असते. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. त्यामुळे खोलीतील उष्णता बाहेर जात नाही." येथवर बरोबरची खूण आणि दोनांपैकी दोन गुण. पण मुलगी तेथे थांबली नव्हती. "असे असेल तर दोन काचांत हातभर अंतर का ठेवत नाहीत? जास्त हवा, जास्त फायदा." या ओळीवर तांबडी रेघ होती आणि समासात शेरा होता – अनावश्यक.

"रेघ मीच मारली," बाई म्हणाल्या, "पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही, म्हणून मारली."

इतक्या प्रामाणिकपणे बोलणाऱ्या शिक्षिकेला दोष देण्याचा प्रश्नच नाही. ती तीन वाक्ये आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. अनेक मार्गदर्शकांत ती तशीच छापलेली असतात. काही ठिकाणी तर हवेऐवजी 'निर्वात पोकळी' असते असेही ठोकून दिलेले आढळते. ही तीन वाक्ये खोटी नाहीत. पण ती जेथे थांबतात तेथेच खरा विषय सुरू होतो, आणि पुढे विचारणाऱ्या मुलाला ती गप्प बसवतात, ही आमची त्यांच्याविरुद्धची तक्रार आहे. ती आम्ही आकडे मांडूनच करू.

हिशेब करून पाहू

उष्णतेच्या वाटेत येणाऱ्या प्रत्येक थराचा 'रोध' काढता येतो. थराची जाडी मीटरमध्ये घ्यावी आणि तिला त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागावे. काचेची वाहकता सुमारे १ आहे (वॅट प्रति मीटर प्रति अंश). तेव्हा ४ मिमी जाडीच्या काचेचा रोध ०.००४ इतका, म्हणजे नगण्यच. मग एकेरी काचेची खिडकी थोडी तरी उष्णता अडवते ती कशी? काचेच्या दोन्ही अंगांना चिकटून हवेचे पातळ थर असतात. त्यांच्यातून होणारे वहन व अभिसरण आणि पृष्ठभागाचे प्रारण हे सारे धरून आतील बाजूचा रोध ०.१३ व वाऱ्याकडील बाजूचा ०.०४ मानण्याची पद्धत आहे. एकूण बेरीज ०.१७४. तिचा व्यस्त सुमारे ५.७. आत व बाहेर एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर खिडकीतून दर सेकंदाला इतके ज्यूल, म्हणजे ५.७ वॅट उष्णता जाते. यालाच यू-मूल्य म्हणतात. ते जितके कमी तितकी खिडकी उष्णता अधिक अडवणारी.

येथेच पहिला गैरसमज गळून पडतो. काचेची जाडी दुप्पट केली तर यू-मूल्य ५.७ वरून ५.६ वर येते, बस्स. जाड काच मजबूत असते, उबदार नसते.

आता दोन काचा घेऊ, मध्ये १२ मिमी हवा. स्थिर हवेची वाहकता सुमारे ०.०२५. म्हणून या थराचा रोध ०.०१२ भागिले ०.०२५, म्हणजे ०.४८. दोन काचा आणि आतबाहेरचे थर मिळवून एकूण ०.६६ आणि यू-मूल्य १.५. मार्गदर्शकातील उत्तर पूर्ण असते, तर अशा खिडकीचे मोजमाप एवढेच यायला हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे २.८ येते. जवळजवळ दुप्पट!

ही जास्तीची उष्णता कोठून निसटते?

थर्मासमध्ये शिकवले, खिडकीत विसरलो

ती निसटते प्रारणाने. उबदार काच समोरच्या गार काचेकडे अवरक्त किरण सतत टाकत असते. खोलीच्या तापमानाला निघणाऱ्या या लांब तरंगलांबीच्या किरणांना साधी काच आरपार जाऊ देत नाही. पण ती ते शोषते, तापते आणि स्वतः बाहेर टाकू लागते. साध्या काचेची उत्सर्जकता सुमारे ०.८४ आहे, म्हणजे या बाबतीत ती काजळी फासलेल्या पत्र्याहून फारशी मागे नाही. हिशेब केला तर १२ मिमीच्या फटीतून हवेच्या वहनाने दर अंशाला २.१ वॅट जातात आणि प्रारणाने ३.७ वॅट. शंभरातले चौसष्ट भाग प्रारणाचे, आणि त्यांचा आपल्या आदर्श उत्तरात उल्लेखही नाही.

'निर्वात पोकळी' लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. फटीतली सगळी हवा काढून घेतली, तरी प्रारण चालूच राहते आणि यू-मूल्य केवळ २.२ पर्यंत उतरते. शिवाय हवा काढली की बाहेरचे वातावरण त्या काचांवर दर चौरस मीटरला सुमारे १० टन भाराने दाब देते. सपाट काचा तो भार पेलत नाहीत. त्या एकमेकींवर जाऊन बसतील. खरोखरीच्या निर्वात काचा आहेत, नाही असे नाही. सिडनी विद्यापीठात १९८९ च्या सुमारास त्या जमल्या आणि जपानमध्ये १९९० च्या दशकात विक्रीस आल्या. त्यांत फट मिलिमीटरहूनही कमी असते आणि दोन काचा दूर ठेवायला दर दोनेक सेंटिमीटरवर सूक्ष्म खांब उभे केलेले असतात. नेहमीच्या दुहेरी तावदानात मात्र वातावरणाइतक्याच दाबाचा कोरडा वायू असतो.

गंमत अशी की, प्रारण कसे अडवायचे हे आपण त्याच प्रकरणात, दोन पानांपलीकडे शिकवतो. थर्मास! जेम्स ड्यूअरने १८९२ साली बनवलेल्या त्या दुहेरी भिंतीच्या बाटलीला चांदीचा मुलामा का, हा प्रश्न हमखास येतो आणि 'प्रारणाने होणारा ऱ्हास टाळण्यासाठी' हे उत्तर मुलांना पाठ असते. खिडकीला चांदी लावली तर दिसणार कसे, ही अडचण होती. ती सुटली चांदीचा थर कमालीचा पातळ करून. निर्वात कोठीत काचेवर साधारण १० नॅनोमीटर जाडीची चांदी बसवतात. म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. तिच्या खाली-वर धातूंच्या ऑक्साइडांचे थर असतात. दृश्य प्रकाश बहुतांशी पार होतो, पण उत्सर्जकता ०.८४ वरून ०.०३ पर्यंत खाली येते. १९७३ च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने या संशोधनाला जोर दिला आणि १९८० च्या सुमारास अशा काचा बाजारात आल्या. दोन काचांच्या कडा बंद करून मध्ये हवा कोंडण्याचे पेटंट न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसनने १८६५ सालीच घेतले होते. म्हणजे प्रारणाचा बंदोबस्त व्हायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

आपल्या १२ मिमीच्या खिडकीत एका काचेला हा थर दिला की यू-मूल्य २.८ वरून १.६ वर येते. हवेच्या जागी आरगॉन भरून फट १६ मिमी केली की १.१ च्या आसपास. आरगॉनची वाहकता हवेच्या दोन-तृतीयांश आहे. स्वीडनसारख्या देशांत तीन काचा, दोन लेपित पृष्ठभाग आणि दोन फटी घेऊन ०.७ च्याही खाली जातात.

हातभर अंतर

आता त्या मुलीचा प्रश्न. फट १२ वरून १६ मिमी केली तर थोडा फायदा होतो. त्यापुढे मात्र कोंडलेली हवा स्थिर राहत नाही. उबदार काचेलगतची हवा वर चढते, गार काचेलगतची खाली उतरते आणि रहाटगाडग्यासारखा फेरा सुरू होतो. गाडग्यांनी पाणी वाहावे तशी ही हवा एका काचेची उष्णता दुसरीपर्यंत नेऊन पोहोचवते. जाडीमुळे वहन जितके घटते तितके अभिसरण वाढते. म्हणून हवेसाठी १६ मिमीच्या आसपास थांबतात; क्रिप्टॉन वापरला तर १० ते १२ मिमी पुरतात.

पण 'अनावश्यक' शेरा आणखी एका कारणाने चुकीचा होता. हातभर नव्हे, तरी चार-सहा इंच अंतर ठेवलेल्या दुहेरी खिडक्या खरोखरच होत्या आणि आहेत. व्हिएन्नातील जुन्या घरांत चौकटीच्या आत एक व बाहेर एक अशा दोन स्वतंत्र खिडक्या असतात. त्यांना तेथे पेटी-खिडकी अशा अर्थाचे नाव आहे. त्या लहान फटीच्या खिडक्यांहून फार सरस नाहीत, फार कमीही नाहीत. तेव्हा मुलीचे अनुमान चुकले असले, तरी तिने विचारलेली खिडकी जगात आहे. त्या ओळीवर रेघ मारण्याऐवजी 'अभिसरण आठव' एवढे दोन शब्द लिहिले असते, तर तिने बाकीचे स्वतःच शोधले असते.

कड सुटली की सारे सुटले

ही काच बनते कशी हे वर्गात सांगण्याजोगे आहे, कारण तिच्या चारी कडांत रसायनशास्त्र भरलेले आहे. काचा मापात कापतात, क्षारमुक्त पाण्याने धुतात. चांदीचा थर असेल तर तो कडेच्या पट्टीवरून घासून काढतात. नाहीतर कडेने चांदी गंजते आणि चिकटद्रव्य धरत नाही. यानंतर आतल्या बाजूला बोटाचा ठसाही उमटू देत नाहीत, कारण एकदा जोडणी झाली की तो पुसायला आत कोणी जाऊ शकत नाही.

दोन काचांमध्ये चौफेर एक पोकळ पट्टी येते, बहुधा ॲल्युमिनियमची. तिच्या आतल्या अंगाला बारीक छिद्रे असतात आणि पोटात झिओलाइटचे मणी. फटीत अडकलेली वाफ ते मणी शोषून घेतात. येथे कोणताही झिओलाइट चालत नाही. ज्याची छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची आहेत तोच घेतात. पाण्याचा रेणू त्यात शिरतो. नायट्रोजन आणि आरगॉन शिरू शकत नाहीत. छिद्रे मोठी असती, तर थंडीत नायट्रोजन आत गेला असता, उन्हात बाहेर पडला असता आणि काचा आत-बाहेर वाकत राहिल्या असत्या. रेणूंचे आकार वेगवेगळे असतात याचे इतके घरगुती उदाहरण क्वचित मिळेल.

पट्टीच्या दोन्ही अंगांना ब्युटाइल रबराची चिकट दोरी लावून काचा दाबतात. हा थर वाफ अडवतो, पण त्याला ताकद नाही. ताकदीसाठी त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन भरतात. कडेवर ऊन येणार असेल तेथे सिलिकॉनच हवे. पॉलिसल्फाइड उन्हाने खराब होते. दोन काचांच्या मध्ये धुके धरलेले दिसले की समजावे, कड सुटली आणि मण्यांची शोषणशक्ती संपली. असे तावदान पुसून साफ होत नाही, बदलावेच लागते. चौकटीत साचलेल्या पाण्यात कड भिजत राहिली की हे लवकर घडते. म्हणून कोकणासारख्या पावसाच्या मुलखात काच निवडताना चौकटीच्या तळाला पाणी निथळायला भोके आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

कोंडलेल्या वायूचा आणखी एक धडा लेहचा आहे. भारतात दुहेरी तावदानाची खरी गरज असलेल्या ठिकाणांत लेह येते. त्याची उंची सुमारे ३,५०० मीटर असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश आहे. मुंबईत बंद केलेले तावदान तेथे नेले, तर आतला दाब बाहेरच्याहून अधिक होतो, काचा फुगतात आणि प्रसंगी तडकतातही. यासाठी कडेतून एक केसासारखी बारीक नळी काढून दाब सारखा होऊ देतात. ती उघडी असताना आरगॉन मात्र राहत नाही. सर्व फायदे एकदम मिळत नाहीत, हेही मुलांना कळलेले बरे.

माहितीपत्रकातील अर्धे सत्य

त्याच शाळेत आमच्या हाती एक माहितीपत्रक आले. शाळेची संगणक-खोली पश्चिमेकडे आहे. एप्रिलमध्ये दुपारनंतर वातानुकूलन यंत्रही तेथे हात टेकते. देणगीदार मिळाला होता आणि साध्या दुहेरी काचा बसवण्याचा विचार चालू होता. पत्रकात ठळक अक्षरांत होते – उष्णता निम्म्याने कमी. आधार म्हणून ५.७ आणि २.८ हेच दोन आकडे.

आकडे खरे होते. प्रश्न चुकीचा होता. यू-मूल्य हे आतल्या व बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरकामुळे जाणारी उष्णता सांगते. खिडकीतून सरळ आत येणाऱ्या उन्हाचा हिशेब त्यात नाही. त्यासाठी दुसरा आकडा असतो : सौर उष्णता लाभ गुणांक. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेचा जितका भाग अखेर खोलीत येतो, तितका हा गुणांक. साध्या एकेरी काचेचा तो ०.८२ च्या आसपास, साध्या दुहेरी काचेचा ०.७० च्या आसपास.

शिक्षकांना घेऊन आम्ही फळ्यावर हिशेब केला. समजा, बाहेर ४३ अंश, आत २६ अंश, फरक १७. पश्चिमेच्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन. एकेरी काच : तापमानातील फरकामुळे ९७ वॅट, उन्हाचे ४९२, एकूण ५८९. साधी दुहेरी काच : ४८ आणि ४२०, एकूण ४६८. निम्म्याने नव्हे, एक-पंचमांशाने कमी. आता जुनी एकेरी काच तशीच ठेवून बाहेरून बांबूच्या चिकाचा पडदा सोडला आणि काचेवर फक्त १५० वॅट पडू दिले, तर ९७ अधिक १२३, म्हणजे २२० वॅट. नुसता छज्जा पश्चिमेला पुरत नाही, कारण दुपारनंतरचे ऊन तिरपे, छज्जाखालून येते. पडदा आतून लावला, तर ऊन आधीच घरात शिरलेले असते. आडोसा बाहेर हवा.

यावरून दुहेरी काच निरुपयोगी, असा उलटा निष्कर्ष कोणी काढू नये. ऊन परतवणारा थर असलेली दुहेरी काच मिळते. तिचा गुणांक ०.२७ आणि यू-मूल्य १.६ धरले, तर वरचाच हिशेब १८९ वॅट येतो. चिक न लावता, बाहेरचे दिसत असताना हे साधते; फक्त ती काच वेगळी, तिची किंमत वेगळी. उष्ण प्रदेशात तो थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असावा, थंड प्रदेशात बहुधा आतल्या काचेच्या फटीकडील अंगाला. आपल्याकडील इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली, २०१७ साली सुधारली गेली. तिच्यातही या दोन आकड्यांच्या मर्यादा स्वतंत्र दिल्या होत्या. पत्रकावर एकच आकडा असेल, तर दुसरा मागून घ्यावा. आणि जेथे वातानुकूलन नाही, रात्री बाहेरची हवा आतल्याहून गार होते, अशा आपल्या बहुसंख्य वर्गखोल्यांत तिसरा प्रश्न विचारावा : खिडकी उघडते का?

वर्गात काय करावे

दोन सारखे स्टीलचे पेले घ्यावेत. एकाला बाहेरून खळीने पांढरा कागद घट्ट चिकटवावा. दोन्हींत सारखे गरम पाणी ओतून सारखी झाकणे ठेवावीत आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहावे. कागद धातूपेक्षा दुर्वाहक. तेव्हा कागदाचा पेला जास्त वेळ गरम राहील, असे मुले सांगतील. तो आधी निवतो! चकचकीत धातू प्रारण कमी टाकतो, कागद भरपूर टाकतो. काउंट रम्फर्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कापड गुंडाळलेल्या पितळी भांड्यावर हेच पाहिले होते.

दुहेरी तावदान कोठे दिसले, बँकेत वा दवाखान्यात, तर संध्याकाळी त्यासमोर पेटती काडी धरून तिरपे पाहावे. ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात, प्रत्येक पृष्ठभागाचे एक. चारांपैकी एकाचा रंग निराळा असेल, तर थर तेथे आहे. माहितीपत्रक काय म्हणते ते ताडून पाहायला आगपेटी पुरते.

आणि उत्तर? आमच्या मते ते असे असावे : "दोन काचांमध्ये कोंडलेला कोरडा वायू वहन कमी करतो, फट अरुंद असल्यामुळे अभिसरण होत नाही, प्रारण मात्र चालू राहते, ते अडवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर देतात." जुन्या उत्तराहून ते एका ओळीनेच मोठे आहे. पण वहन, अभिसरण, प्रारण या तिन्ही वाटा त्यात येतात आणि तिसरीपुढे प्रश्न विचारायला जागा राहते.

बाईंनी निघताना ती उत्तरपत्रिका परत मागून घेतली. आमच्याकडची निळी पेन्सिल घेऊन त्यांनी तांबड्या शेऱ्याखाली लिहिले, "हे वर्गात सांग. मलाही शिकायचे आहे." गुण दोनच राहिले, प्रश्नपत्रिकेत त्याहून अधिकांची सोय नव्हती.